हिरव्या कोटाची नोंद

फोन वाजला तेव्हा ग्वेन डोब्रोव्स्की एका पिकअप ट्रकबद्दल वाचत होती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला टेव्हिस मोरो नावाचा मुलगा तीन आठवड्यांपासून नवाकोरा काळा ट्रक चालवत होता. तो कुठून आला हे विचारायचं काम, खेळाडूंना कोण काय देतं यावर नजर ठेवणाऱ्या नियमपालन विभागाचं, म्हणजे या मजल्यावर बसणाऱ्या अकरा माणसांचं होतं. हल्ली मुलांना जाहिरातींचे पैसे उजळ माथ्याने घेता येतात, फक्त तशी नोंद करावी लागते. या ट्रकची तेवढीही नोंद नव्हती. 'वाहन कोणाचे' या रकान्यात टेव्हिसने 'घरच्यांचे स्नेही' असं लिहिलं होतं, आणि खाली ग्वेनच्या सहीसाठी जागा मोकळी होती.

"मॅडम, सेंट ऑडा कॉलेजमधून बोलतेय, रजिस्ट्रारच्या ऑफिसातून," फोनवरची बाई म्हणाली. "कॉलेज डिसेंबरअखेर बंद होतंय. वाचलं असेल तुम्ही."

ग्वेनने वाचलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वीपर्यंत ती तिथे होती, नऊ वर्षं. "नाही," ती म्हणाली. "वाईट झालं."

"तळघरात तुमच्या नावाची चार खोकी निघाली. फाडून टाकायचा हुकूम आहे. तीन झाली. चौथं तुम्ही एकदा येऊन बघावं असं मला वाटतं."

"कोण बोलतंय?"

"येसेनिया. तेव्हाची येसेनिया कांतू. शनिवारी मी दुपारपर्यंत आहे," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

ग्वेनने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पुन्हा ट्रकचा अर्ज वाचायला घेतला. अक्षरं दिसत होती, पण वाचून होत नव्हती. खिडकीतून खाली स्टेडियमचा वाडग्यासारखा भलामोठा खड्डा दिसायचा. शनिवारी तिथे सामना होता, आणि माणसं आत्तापासून रंगीत पट्टे बांधत होती. येसेनिया कांतू. टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाकडून, नदीकाठच्या गावातून आलेली, मनगटं काडीसारखी असलेली मुलगी. सेंट ऑडा हे ओहायोतल्या लिंडल गावातलं जेमतेम आठशे विद्यार्थ्यांचं कॉलेज, आणि ही मुलगी त्या कॉलेजच्या चाळीस वर्षांतली सर्वांत वेगाने धावणारी. ती पळायची तेव्हा तिचं तोंड मिटलेलं असे. बाकीच्या मुली शेवटच्या चढावर तोंड वासून हवा ओढायच्या, ही मात्र ओठ घट्ट दाबून, काहीतरी बोलायचं टाळत असल्यासारखी पुढे निघून जायची. आणि तीच मुलगी आता फोनवर इतकं थोडं बोलली होती की त्यातून राग आहे का आणखी काही, हे समजायला मार्ग नव्हता.

सेंट ऑडामध्ये नियमपालन विभाग म्हणजे एकटी ग्वेन. शिवाय सामन्याची तिकिटं विकणं, बसगाड्या ठरवणं, घोट्याला पट्ट्या बांधणं आणि सगळ्या संघांचे कपडे धुणं हेही तिच्याच गळ्यात. नियमांचं जाडजूड पुस्तक तिने कपडे धुण्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं होतं, कारण दिवसातला निम्मा वेळ ती तिथेच असायची. खोली उबदार होती. थंडी पडली की मुली अभ्यासाला तिथे येऊन बसायच्या, आणि नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी खुंटीवर तिला तो कोट दिसला. गडद हिरवा, लोकरीचा, शिंगाच्या बटणांचा, डाव्या बाहीला कोपरापाशी त्याच रंगाच्या पण किंचित नव्या दोऱ्याने रफू केलेलं. तो कोट तिने ओळखला. सहा हिवाळे चर्चमध्ये दोन बाकं पुढे तो व्हर्ना स्ट्रोलच्या पाठीवर असायचा. व्हर्ना म्हणजे धावण्याचे कोच एमेट स्ट्रोल यांची बायको. खुंटीखाली येसेनिया जमिनीवर पाय पसरून रसायनशास्त्राचं पुस्तक वाचत बसली होती, आणि तिच्या पायात कापडी बूट होते.

'कोट छान आहे,' ग्वेन म्हणाली होती.

'कोचच्या मिसेसनी दिला,' मुलगी हसून म्हणाली होती. 'त्यांना आता घट्ट होतो म्हणाल्या.'

इतर विद्यार्थ्यांना जे मिळत नाही ते खेळाडूला कोचने किंवा कोचच्या घरच्यांनी द्यायचं नाही. नियम साधा होता आणि पानही पाठ होतं. पण कुणी विचारलं नव्हतं. ग्वेनला आजवर जे टोचत आलं होतं ते एवढंच. कॉलेजांच्या क्रीडा संघटनेचा माणूस आला नव्हता, निनावी पत्र आलं नव्हतं, दुसऱ्या कॉलेजने तक्रार केली नव्हती. ती यंत्रातून ओले मोजे काढत उभी होती, आणि अंगात एक विलक्षण स्वच्छ, जवळजवळ सुखद भावना चढत गेली होती, हे तिला आजही आठवत होतं. नऊ वर्षं ती मोजे धूत होती. नऊ वर्षं त्या पुस्तकातला एकही नियम तिच्या वाट्याला आला नव्हता. कॉलेज इतकं लहान की नियम मोडण्याइतकीही कुणाची ऐपत नव्हती. आणि आता तिच्या समोर, तिच्याच खुंटीवर, एक आला होता. तिने त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला. दोन प्रती काढल्या. संघटनेला तिचं नाव कळलं, प्राचार्यांना कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं, कारण कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं हाही नियमच होता, आणि तोही तिने पाळला.

शनिवारची विभागीय शर्यत येसेनिया धावली नाही. संघटनेने प्रकरण बारा दिवसांत निकाली काढलं, किरकोळ म्हणून. कोट परत करा, मुलगी पुन्हा खेळू शकते. तोवर शर्यत होऊन गेली होती. प्राचार्यांना मात्र धावण्याचा संघ बंद करून खर्च वाचवायचाच होता, त्यांना आयतं कोलीत मिळालं. एमेट स्ट्रोलना वर्षाअखेर जायला सांगितलं. आणि त्याच वसंतात या मोठ्या विद्यापीठात मुलाखतीला आलेल्या ग्वेनला समितीतल्या एका गृहस्थाने विचारलं होतं, नियम आणि माणुसकी यांत कधी ओढाताण झाली का तुमची? तिने कोटाची गोष्ट सांगितली. नावं न घेता, चांगल्या आवाजात सांगितली. टेबलाभोवतीचे सगळे गंभीर झाले होते आणि एकाने पेन खाली ठेवलं होतं. परत जाताना गाडीत बसल्यावर तिला कळलं होतं की नोकरी मिळाली. ती कशामुळे मिळाली हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, आणि ज्याच्याशी पाच वर्षं संसार केला त्या नवऱ्यालाही नाही.

शुक्रवारी दुपारी विभागाचा प्रमुख ड्वाइट क्रेनर तिच्या दारात येऊन उभा राहिला. वयाने तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, वकिली शिकलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. "मोरोचा कागद अडलाय का गं तुझ्याकडे?"

"हे स्नेही कोण आहेत ते लिहिलेलं नाही."

"रकान्यात नाव लिहा असं म्हटलंय का?"

"नाही. पण विचारायला हवं."

"ग्वेन, आपण विचारायचं ते विचारलं. त्याने सांगायचं ते सांगितलं." ड्वाइट दाराच्या चौकटीला टेकला. "ज्याचं उत्तर आपल्याला नको, तो प्रश्न कशाला काढायचा? तू लहान कॉलेजातली. तिथे माणूस शिंकला तरी नोंद करत असतील. इथे इतकी माणसं शिंकतात."

तो गमतीने बोलला होता आणि ती हसलीही. सोळा वर्षांत हे तिला अनेक प्रकारे, अनेक तोंडांनी सांगून झालं होतं, आणि ती हळूहळू शिकलीही होती. इथे नियम मोडत नव्हते, नियमांचा अर्थ लावला जायचा. इथे वकील होते, मसुदे होते, एकेका वाक्यावर बैठका व्हायच्या. आणि त्या सगळ्या चाळणीतून जे खाली पडायचं ते नेहमी एखाद्या तिरंदाजीच्या किंवा नौकानयनाच्या संघातलं पोर असायचं, ज्याने चुकून एक जेवण जास्त घेतलं होतं. त्याचा अहवाल मात्र वेळेवर, नीट, रंगीत मुखपृष्ठासह जायचा. आपला विभाग जागरूक आहे हे दाखवायला असे दहावीस अहवाल दर वर्षी लागायचेच. ते बहुतेक तीच लिहायची. तिचा हात त्या कामावर बसला होता. ड्वाइट गेल्यावर तिने ट्रकच्या कागदावर सही केली. मग शनिवारच्या सामन्याला आपली हजेरी लागते हे आठवून तिने रजेचा अर्ज काढला आणि कारणाच्या जागी 'प्रकृती' असं लिहिलं. नोकरीत कुठल्याही कागदावर तिने आपल्या हाताने लिहिलेलं हे पहिलं खोटं. ट्रकचं तिने लिहिलं नव्हतं, त्यावर नुसती सही केली होती. या फरकावर ती बराच वेळ विचार करत बसली, आणि आपण असा विचार करू शकतो याचीच तिला शिसारी आली.

लिंडलला पोचायला अडीच तास लागले. मका कापून झाला होता. दोन्ही बाजूंना नुसती टोचरी खुंटं. सेंट ऑडाच्या फाटकावर विक्रीची पाटी आधीच लागली होती. तळघरात ओलावा शोषणारं एक यंत्र घरघरत होतं, आणि त्याच्या शेजारी लोखंडी टेबलापाशी येसेनिया उभी होती. अंगाने भरलेली, केस आखूड कापलेली, गळ्यात चष्म्याची दोरी. तोंड तसंच मिटलेलं. ग्वेनने हात पुढे केला. येसेनियाने तो धरला, सोडला आणि टेबलावरचा एक कागद तिच्याकडे सरकवला.

"हे कागद फाडायचं यंत्र एका वेळी वीस कागद खातं," ती म्हणाली. "मी न बघताच घालत होते. पण अडकलं, म्हणून बाहेर ओढले, तर वरच माझं नाव. खाली तुमची सही."

ग्वेनने कागद घेतला. आपलंच अक्षर, तरुण, गोल, उत्साही. 'सदर कोट श्रीमती स्ट्रोल यांचा असल्याचे मी प्रत्यक्ष ओळखले आहे.' प्रत्यक्ष या शब्दाखाली तिने रेघ ओढली होती.

"नियम तसा होता," ती म्हणाली. येताना अडीच तास तिने हेच वाक्य वेगवेगळ्या पद्धतीने बोलून पाहिलं होतं.

"नियमाचं मला काही नाही, मॅडम. शर्यतीचंही नाही. मी एकोणीस वर्षांची होते, हरलेही असते." येसेनियाने चष्मा काढून दोरीवर सोडला. "मला वाटलं कोचनी कळवलं. त्या मंगळवारी त्यांनीच मला बोलावलं होतं. म्हणाले, तू शनिवारी धावणार नाहीस, कोटाचा कागद वर गेलाय. मी विचारलं, कुणी पाठवला? तर गप्प. मान खाली. मला वाटलं, स्वतःची नोकरी वाचवायला बायकोने दिलेल्या कोटाचं लचांड माझ्या गळ्यात घातलं. कोट मी त्यांच्या दारात फेकून आले. जे तोंडाला येईल ते बोलले, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. मिसेस स्ट्रोल आत उभ्या होत्या."

ग्वेन बसायला काही आहे का ते पाहू लागली आणि काही नव्हतं.

"मी याच गावात राहिले. लग्न इथलंच, नोकरी इथलीच. ते पुढे शाळेची बस चालवायचे. माझा मुलगा त्या बसने जायचा. मुलाला मी सांगून ठेवलं होतं, त्या म्हाताऱ्याशी बोलायचं नाही. किराण्याच्या दुकानात दिसले तर मी दुसऱ्या रांगेत जायचे. चार वर्षांपूर्वी गेले. गाव लोटलं होतं, मी मातीला गेले नाही." ती अजिबात रडत नव्हती. "बारा वर्षं, मॅडम. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर."

"कळवणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं," ग्वेन म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आधीच तिला ते ऐकू आलं.

येसेनियाने तिच्याकडे पाहिलं, थोडं कुतूहलानेच, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं. "मी आता मिसेस स्ट्रोलकडे चाललेय," ती म्हणाली. "हा कागद दाखवायला. तुम्ही येताय?"

नाही म्हणता आलं असतं. गाडी बाहेरच उभी होती. पण ग्वेन तिच्या मागून चालत गेली, चार रस्ते, पडलेल्या पानांवरून, आणि चालताना तिला आश्चर्य वाटत होतं की आपल्याला भीती वाटत नाही, नुसतं परीक्षेच्या दिवशी सकाळी वाटायचं तसं वाटतंय. म्हणजे आतल्या आत अजूनही तिला चांगले गुण हवे होते. व्हर्ना स्ट्रोल आपल्याला माफ करेल, हे तिने मनात गृहीत धरलं होतं. कसं करेल तेही ठरवलं होतं. चर्चमधली बाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची; हातावर हात ठेवेल, म्हणेल, झालं गेलं.

व्हर्नाने दार उघडलं. येसेनियाला पाहून तिची हनुवटी किंचित वर गेली. मग ग्वेनला पाहिलं आणि ती बाजूला झाली. स्वयंपाकघरात भोपळ्याचा वास होता. येसेनियाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि कागद टेबलावर ठेवला. व्हर्नाने तो उचलला नाही.

"एमेटला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "प्राचार्यांनीच सांगितलं त्याला."

"मग मला का नाही सांगितलं?" येसेनियाचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मी त्यांना दारात उभं राहून काय काय बोलले."

"बस आधी." व्हर्नाने खुर्ची ओढली. "तुझी अजून अडीच वर्षं होती तिथे, पोरी. तुझा फीमाफीचा कागद दर सहामाहीला हिच्या टेबलावरून जायचा. तो म्हणाला, तुला कळलं तर तू तिथे जाऊन भांडशील, आणि घरी परत जाशील पदवीशिवाय. पोरीला कुणाचा तरी राग येणारच आहे, तर मी नाहीतरी इथून जाणार, माझाच येऊ दे, म्हणाला. ही गेली तेव्हा मी म्हटलं, आता तरी सांग; तर म्हणाला, पदवी होऊ दे. पदवी घेतलीस तेव्हा तू याच कॉलेजात नोकरीला लागलीस. मग म्हणाला, आता तिचं बस्तान बसलंय, आता कशाला. आणि मग तुझा मुलगा बसमध्ये चढायला लागला. त्याला रोज पहिल्या बाकावर बसवायचा. घरी येऊन सांगायचा मला, आज काय घातलं होतं त्याने, कानटोपी होती का."

येसेनियाने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि त्यांकडे पाहत राहिली. ग्वेन दाराजवळ उभी होती. तिला बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"मिसेस स्ट्रोल," ग्वेन म्हणाली, "मला वाईट वाटतंय. मी तुमची माफी मागायला आलेय."

"होय का?" व्हर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मला एक सांग. तू त्या खोलीत कोट पाहिलास. माझा आहे हे ओळखलंस. मी गावातच होते, चार रस्ते लांब. एमेट तुझ्या खोलीसमोरून दिवसातून दहा वेळा जायचा. त्याला नुसतं म्हणायचंस, एमेट, तो कोट परत घे, लफडं होईल. त्याने घेतला असता. पोरगी शनिवारी धावली असती. हे तुझ्या मनात आलं होतं का?"

ग्वेनने आठवून पाहिलं. ओले मोजे, यंत्राची उष्ण वाफ, अंगात चढत गेलेली ती स्वच्छ भावना. तिने प्रामाणिकपणे सगळे कोपरे शोधले. आलं असतं तर बरं झालं असतं. येऊन ते दाबलं असं तरी म्हणता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

"हं," व्हर्ना म्हणाली. "एमेट तेच म्हणायचा. म्हणायचा, तिच्या मनात वाईट नव्हतं. काहीच नव्हतं." तिने येसेनियाच्या पाठीवर हात ठेवला. मग ग्वेनला म्हणाली, "जा तू आता. तुला गाडी चालवायचीय लांब. आम्हाला दोघींना बोलायचंय."

परतीच्या वाटेवर शहराजवळ आल्यावर सगळे रस्ते तुंबले होते. सामना नुकताच सुटला होता. नव्वद हजार माणसं स्टेडियमबाहेर सांडली होती, तोंडं रंगवलेली, गाड्यांच्या मधून वाट काढत, गात, बोनेटवर थापा मारत. ग्वेनची गाडी पुढेही सरकेना आणि मागेही नाही. तिने इंजिन बंद केलं. घाम आणि बिअर आणि तळलेल्या कांद्याचा वास काचा बंद असूनही आत येत होता. एका दुमजली बसवर टेव्हिस मोरोचा जाहिरातीतला चेहरा होता, खिडक्यांवरून ताणलेला, एकेका डोळ्यात तीन तीन उतारू बसलेले. तिला वाटलं की आत्ता उतरावं, ऑफिसात जावं, तो कागद काढावा आणि सही खोडावी. मग लगेच कळलं की काय होईल. ड्वाइट सोमवारी तो कागद शेजारच्या टेबलावर ठेवेल. शेजारी बसणारी बाई चांगली आहे, दोन मुलांची आई. ती सही करेल आणि बारा वाजता ग्वेनला विचारेल, जेवायला येतेस का. कुणाच्याही मनात काही वाईट नसेल.

कुणीतरी काचेवर टकटक केलं. पन्नाशीचा एक माणूस, गालावर विद्यापीठाचा रंग, खांद्यावर झोपेला आलेली लहान मुलगी. ग्वेनने काच खाली केली.

"आपण जिंकलो, ताई," तो म्हणाला. हसून, मनापासून. गाडीत एकटी बाई तोंड पाडून बसलेली पाहून त्याला वाटलं असावं की हिला बातमी कळली नाही.

"हो का," ग्वेन म्हणाली. "कितीने?"

त्याने सांगितलं. तिने मान डोलावली, त्याचे आभार मानले, आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.